शिट्टी माझ्या गळ्यात

बागेच्या समितीनं हास्यक्लबची शिट्टी नववीतल्या मुलीला, म्हणजे मला दिली. मी ती शाळेतही गळ्यात मिरवते. शिट्टी वाजली की आजी-आजोबा हात वर करून हसतात, पुन्हा वाजली की थांबतात. पोंक्षेआजींना ऐकू येत नाही. त्या इतरांचं बघून करतात आणि एकट्याच हसत राहतात.

"रविवारी स्पर्धा आहे. ह्या आपला नंबर घालवणार," नाचणेकाका म्हणाले.

"मग मत घेऊया ना, काका. पोंक्षेआजींना काढायचं, मान्य असेल त्यांनी हात वर करा."

एकेक हात वर गेला. पहिल्या रांगेतल्या पोंक्षेआजींनी मागे वळून पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि मनापासून हसू लागल्या.

"त्यांचा नको मोजूस गं," काका पुटपुटले.

"का? वर आहे ना?"

मी वहीत 'एकमताने मंजूर' लिहिलं आणि शिट्टी वाजवली. सगळ्यांचे हात खाली आले. आजींचे नाही.