तातूआजीची जीभ

तातूआजीने करवंटी नदीत बुडवली, घोट तोंडात घोळवला आणि मान हलवली.

"गोड आहे. फोडा बांध."

बांधावर गाव कुदळी घेऊन उभं होतं. रुफिजी नदीच्या मुखाशी भात लावायचा तर समुद्राला असंच फसवावं लागतं. भरतीला खारं पाणी खालून घुसतं आणि नदीचं गोड पाणी वर उचलतं. वरचं तेवढं खाचरात घ्यायचं. यंदा पाऊस कमी, नदी रोडावलेली. म्हणून सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या शोमारीने स्वतःही एक घोट घेतला आणि मगच पहिली कुदळ घातली.

आठवड्यात भात करपला. मातीवर मिठाचा पांढरा थर धरला. वर्षाचं अन्न गेलं.

मशिदीच्या विहिरीपाशी गाव जमलं. उपाशी माणसांना कुणीतरी दोषी हवंच असतं, आणि म्हातारी बाई आयती सापडते.

"जीभ मेली होती तर सांगायचं होतंस, म्हातारे!" शोमारी ओरडला. "पोरांना आता काय तुझी करवंटी चाटायला देऊ?"

"तूही प्यायलास ना रे? तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

"मला गोडच लागलं. म्हणजे तू करणी केलीस पाण्यावर!"

करणी म्हटल्यावर आजीच्या बाजूने बोलायची कुणाची छाती झाली नाही. जिच्या शब्दावर गाव जेवत आलं, तिला आजच्या आज गाव सोडायला सांगितलं. भांडून घसे सुकले होते. विहिरीतून बादली निघाली, करवंट्या भरल्या गेल्या.

तेवढ्यात आजीची लेक सोमोये होडीतून उतरली. तिचं सासर नदीच्या वरच्या अंगाला, लांब. भात गेल्याचं ऐकून कित्येक वर्षांनी ती माहेरी आली होती. उन्हाने तिचा जीव कासावीस झाला होता. बादलीतून ओंजळ भरून तिने तोंडाला लावली आणि तिथेच थुंकली.

"शी! आई, विहिरीत समुद्र शिरलाय तुमच्या! रोज असलं खारट पाणी पिता तरी कसं तुम्ही?"

शोमारी हातातल्या करवंटीकडे बघत राहिला. ती त्याने नुकतीच गटागटा संपवली होती, आणि पाणी त्याला गोड लागलं होतं.