गळ्याचा जोड

टेम्पो उलटा फाटकातून आत आला, तेव्हा जेन्सन शेडच्या तोंडाशी बसून पेट्रोलची एक टाकी घासत होता. ताडपत्रीखाली काय आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. मागच्या फळीवरून मडगार्ड बाहेर आलं होतं, आणि तसं बाटलीसारखं हिरवं मडगार्ड त्याच्या बहिणीने, फ्लॉसीने, आजवर एकाच गाडीसाठी रंगवलं होतं. नायगावच्या अनुजच्या.

ड्रायव्हरच्या शेजारून एक बाई उतरल्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेत त्यांनी जेन्सनकडे आणि आतून बाहेर आलेल्या फ्लॉसीकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी सुभद्रा. अनुजची आय."

उमेळ्याच्या चिकूवाडीतल्या या जुन्या कोंबड्यांच्या शेडमध्ये ही भावंडं मोटरसायकली बनवायची. वर्षाला दोन, फार तर तीन. इंजिन तेवढं भंगारातलं, बाकी सगळं हातचं. गाडी आजोबांच्या जमान्यातली दिसली पाहिजे, हा जेन्सनचा हट्ट. बटणाने सुरू होणारी गाडी मागायला कोणी आलं, तर तो त्याला चहा पाजून परत पाठवायचा. गावाने दोघांना कधीच वेड्यात काढलं होतं. पोरं मात्र लांबून लांबून शोधत यायची.

अनुजचं तेरावं होऊन गेलं होतं. फ्लॉसी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. जेन्सन तिथवरही गेला नव्हता.

ड्रायव्हरने आणि फ्लॉसीने मिळून गाडी उतरवली. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकून इंजिनापर्यंत आला होता, दिवा जाग्यावर नव्हताच. फ्लॉसीने खुर्ची दिली, पाणी दिलं. सुभद्राबाईंनी ग्लास नुसता हातात धरून ठेवला.

"पोलीस बोलतान, डंपरनी उडवला," त्या म्हणाल्या. "गावात बोलतान, गाडीच मोडली. घरात बनवलेली गाडी, चालता चालता तुटली. मना कोनी धड सांगत नाय. तू बनवलीस ना? मंग तू सांग."

बातमी आल्यापासून जेन्सन स्वतःला दुसरं काही विचारत नव्हता. पुढचं चाक चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जिथे धरलेलं असतं, तो गळ्याचा जोड. सगळा भार तिथे. तो सुटला की चालवणाऱ्याच्या हातात नुसतं हँडल उरतं. अनुजच्या गाडीचा तो जोड त्याने भर पावसाळ्यात वेल्ड केला होता. हवा ओली, वीज सारखी येत-जात. मनासारखा झाला नाही म्हणून घासून काढला, पुन्हा केला. पुन्हा केला तो तरी आतपर्यंत बसला होता का? जेवताना, आंघोळ करताना, चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकल्यावरसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढे तो जोड यायचा.

तो गाडीजवळ खाली बसला. पेट्रोलच्या फडक्याने चिखल पुसला. चिखलाखाली आणखी काही वाळलेलं होतं, तेही पुसलं. पातं घेऊन रंग खरवडला, टॉर्च लावला आणि नख जोडावरून हळूहळू फिरवत नेलं, वरून, मग खालून. कुठेही अडकलं नाही. चिमटा गेला होता, चाक गेलं होतं. जोडाला केसाएवढी भेग नव्हती.

"वाचलो," तो म्हणाला.

स्वतःशीच म्हणाला. पण शेड लहान होती.

"कोन वाचला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

फ्लॉसीने तोंड फिरवलं. जेन्सनला काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"मी, मावशी," तो म्हणाला. "गाडी मोडली नाही. जोड शाबूत आहे. डंपरनेच..."

त्याने टॉर्च विझवला. बाई गाडीकडे बघत राहिल्या.

"म्हंजे चांगली बनवलीस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर जेन्सनला बरं वाटलं असतं.

"आता काप ती."

"मावशी?"

"माजा धाकटा पोलीस ठान्यात जाऊन जाऊन हिला हात लावून येतो. बोलतो, दादाची हाय, नीट करून मी चालवीन. काप. तुज्याच हातानी काप."

"तुम्ही घरी जा मावशी," फ्लॉसी म्हणाली. "आम्ही कापतो. शब्द देते."

"नाय. बघून जाईन."

जेन्सनने टाकी उतरवली, इंजिन सोडवलं आणि ग्राइंडर लावला. पाईप पटापट तुटत गेले. ठिणग्या बाईंच्या पायांवर उडत होत्या. फ्लॉसीने खुर्ची मागे ओढायला हात घातला, तर त्या हलेनात. शेवटी गळा तेवढा उरला. जेन्सनने ग्राइंडर बंद केला आणि कपाळ पुसलं.

"तो पन," त्या म्हणाल्या.

तो जोड सहजी कापला जाईना. एक पातं झिजलं, दुसरं लावलं, तेही झिजत आलं. तुकडा जमिनीवर पडला, तसा ग्राइंडरचा आवाज थांबला आणि वाडीतले कावळे पुन्हा ऐकू यायला लागले.

सुभद्राबाई उठल्या. ग्लासातलं पाणी त्यांनी दाराबाहेर ओतलं आणि ग्लास फ्लॉसीच्या हातात दिला. टेम्पोकडे जाता जाता त्या थांबल्या. भिंतीला टेकून एक नवी चासी उभी होती, रंग न लावलेली.

"ही कोनाची?"

"बोरिवलीचा एक मुलगा आहे," जेन्सन म्हणाला. "दिवाळीला न्यायचीय त्याला."

"त्याला आय हाय?"

मापं घ्यायला जेन्सनने त्या मुलाला दुपारभर इथेच बसवून ठेवलं होतं. उंची, वजन, हाताची लांबी, कोणता पाय जोराचा, सगळं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.