पाठमोरी म्हातारी

“टोकं काढून झाली असतील, तर आता चित्र काढ हो बाळ.”

चित्रकलेच्या बाईंचा तो आवाज. शेवटच्या बाकापाशी येऊन, वाकून, अगदी कानात सांगितल्यासारखा. त्याला आता तीस वर्षं होत आली. सातव्या पेन्सिलीला टोक काढताना सुनेला तो पुन्हा ऐकू आला, आणि तिने आठवी पेन्सिल उचलली.

समोर फळीवर ताणून बसवलेला कागद होता. पांढरा. लहान मुलांच्या पुस्तकाचं बारावं, शेवटचं पान. एक म्हातारी हरवलेली शेळी शोधत निघते. कुरणातून जाते, पुलावरून जाते, धुक्यातून जाते. अकरा पानं ती पाठमोरीच चालते, मुलांनी तिच्या मागे मागे जायचं. बाराव्या पानावर शेळी सापडते आणि म्हातारी वळून बघते.

पाठ काढताना सुनेचा हात कधी अडला नाही. चेहऱ्यापाशी तो तीन महिने अडून बसला होता. आज चार वाजता प्रकाशनाच्या मॅडमचा फोन यायचा होता. चित्राचा पत्ता नसेल तर पुस्तक अकराव्या पानावरच संपवायचं, असं ठरलं होतं. म्हातारी तशीच निघून जायची, तोंड न दाखवता, शेळीवाचून.

म्हणून तर सकाळी साडेआठला तिने सासूबाईंना सांगितलं होतं, “आई, मी आत बसते, तुम्ही बाहेरून कडी लावा. काहीही म्हटलं तरी उघडू नका.”

“काहीही म्हणजे?”

“काहीही.”

सासूबाईंनी तिचा फोन काढून घेतला, दार ओढलं. कडी वाजली. मग दाराबाहेर खुर्ची टाकून त्या लोकरीचा गुंता सोडवत बसल्या.

“आई, खिडकीची काच फार मळलीये हो. फडकं देता?”

“लोक चित्र बघणारेत. खिडकी नाही.”

“आई, पाणी.”

“बाटली उजव्या हाताला आहे. मीच भरून ठेवलीये.”

“माझा फोन वाजतोय का?”

“माझ्या मांडीवर आहे. निजलाय.”

थोडा वेळ गेला. “आई, या खोडरबराला कसला तरी वास येतोय.”

“हुंगत बस.”

साडेअकराला मात्र तिचा धीर सुटला. “आई, उघडा. माझ्याच्याने नाही होणार. मॅडमना सांगा, मी आजारी आहे.” तिने दाराला हिसका दिला आणि पडता पडता वाचली. दार सरळ उघडलं होतं.

सासूबाई चष्म्यावरून बघत होत्या.

“कडी नव्हती लावलीत?”

“नुसती वाजवली.”

“मग मी इतका वेळ...”

“परवानगी मागत होतीस. मी देत नव्हते.” त्यांनी लोकरीची एक गाठ दातांनी सैल केली. “जायचं तर जा बाई. मी काही आडवी पडत नाही.”

सून उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर सगळं होतं. घडी घालायचे कपडे होते, तहानलेल्या कुंड्या होत्या, दोन महिन्यांची रद्दी होती. एकेक काम लाडीगोडीने हाका मारत होतं. तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि दार लोटलं. या वेळी कडी आतून लागली.

आधी तिने डोळे काढले. ते कुणाचेच वाटेनात. खोडले, कागदाला लव सुटली. पुन्हा काढले, पुन्हा खोडले. मग डोळ्यांचा नाद सोडून तिने कान काढला. कान तिच्या ओळखीचा होता, अकरा पानं मागून काढलेला. तोच जरासा पुढून. कान आला तर गाल यायला हवा. गाल आला, तर नाकाची कड कुठवर लपणार? कानाला गाल भेटला, गालाला नाक भेटलं, नाकाच्या आडून एक भुवई वर आली. बाटलीतलं पाणी भरलेलं तसंच राहिलं.

चार वाजता दारावर टकटक झाली. “उठला बघ हा.”

सुनेने दार उघडलं. बोटं शिशाने काळी झाली होती, म्हणून तिने फोन मनगटाने कानाशी दाबून धरला. सासूबाई तिच्या खांद्यावरून कागदाकडे बघत राहिल्या. म्हातारी अर्धी वळली होती. एक डोळा उघडला होता.

“काय, फिरला का शेवटचा हात?” मॅडमनी विचारलं.

तीन महिने ती त्यांना हेच सांगत आली होती. होतच आलंय, शेवटचा हात तेवढा फिरवायचाय. ती हे सांगायला लागली की सासूबाई लोकरीत मान खुपसत.

“अजून थोडं राहिलंय, मॅडम. परवा सकाळी नक्की देते.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “बरं. छापखान्याला परवापर्यंत मी थोपवते. तुमच्या त्या शेवटच्या हातासाठी एवढे थांबलो, आणखी दोन दिवस. ठेवू?”

झालं होतं. निभावलं होतं. आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. सासूबाईंनी नजर खाली वळवली.

“ठेवू नका, मॅडम.” सुनेचे खांदे खाली आले, आणि आवाज तिला स्वतःलाच हलका वाटला. “शेवटचा हात वगैरे काही नव्हतं. कागद कोरा होता. तीनही महिने. पहिली रेघ मी आज मारली.”