सतरा आणि अठरा

बेंबळीजवळच्या दुष्काळी कामावर मुकादम रोज सकाळी यादी वाचायचा. लागून आलेल्या दोन नावांची एक जोडी. एकानं खणायचं, दुसऱ्यानं पाटी उचलायची. जोडी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर सुकडीही नाही. यादीत वर गावाची नावं, खाली बौद्ध वस्तीची.

त्या दिवशी गावातलं एक माणूस तापानं पडलं. त्याचं नाव खोडलं आणि खालची सगळी नावं एकेकानं वर सरकली. सोळापर्यंत जोड्या लागल्या. सतरावर आला गावातला शेवटचा आबाराव, अठरावर वस्तीतली पहिली भिमाबाई. मुकादम थांबला. मग त्यानं एकदम एकोणीस-वीस वाचलं.

"मुकादम, सतरा-अठरा ऱ्हायलं की," भिमाबाई म्हणाली. "ह्ये खणतील, म्या पाटी उचलते. लेकरं दोन दिस उपाशी हायती."

मुकादमानं आबारावाकडं पाहिलं. "बोला, लावू का जोडी?"

आबारावाची नजर सुकडीच्या चुलीवर होती. "आज माझा उपास हाय," तो म्हणाला.

दोघंही रिकामी पातेली घेऊन माघारी निघाले. तो पुढं, ती वीस पावलं मागं. वळणावर आबाराव थांबला. तुळजापूरच्या दिशेला हात जोडून कळवळून म्हणाला, "आई, उद्या आमच्यातलं आणखी एक कुणीतरी आजारी पाड."