गाळायचं फडकं

भरतेशनं विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेतून नव्यानं घडवलेले जिवाणू कॅनमधून आणले आणि आठ दिवसांत उसाच्या पाचटाचं काळंभोर खत झालं. रिकामा कॅन त्यानं विहिरीवरच विसळला.

तेव्हापासून त्याच्या आईचं, गुणमालाबाईंचं, पाणी गाळायचं सुती फडकं रोज विरायला लागलं. आजचं चौथं. पाणी गाळलं की फडक्यातले जीव विहिरीत परत सोडायचे, हा त्यांचा जैन घरातला जन्माचा नेम.

"आई, त्ये हिरीत नगं सोडू!" भरतेश ओरडला.

"जीव हाय त्यो बी, लेकरा. जितनं आला तितं सोडायचा."

फडकं विहिरीवर उलटं धरून त्यांनी वरून पाणी ओतलं. फडकं हातातच विरघळलं.

गुणमालाबाईंनी तळहात उन्हात धरला. दुखत काहीच नव्हतं. पण तळहातावरची एकही रेघ उरली नव्हती.