पोरा

सोलापूरच्या गिरणीत शेजारच्या मागावर मोगलाईतून, निजामाच्या तेलंगणातून आलेला नरसय्या महिपतीला खटकू लागला होता. महिपतीनं मायेनं "पोरा, धागा तुटला बघ" म्हटलं, की हा तोंड पाडून मुकादमापाशी, जॉबरपाशी जायचा, तेलुगूत कुजबुजायचा. आपला माग बळकावायचा डाव असणार, असं महिपतीच्या मनानं घेतलं. शेवटी तो तणतणत जॉबरकडं गेला. "ह्याला हलवा हितनं. माज्या चुगल्या करतोय." "चुगल्या?" जॉबर चकित झाला. "तो रोज रडकुंडीला येऊन विचारतो, महिपतीदादा मला 'चालता हो' का म्हणतात?" "मी कवा म्हनलं? मी तर 'पोरा' म्हनतो!" "तेच की! तेलुगूत 'पोरा' म्हंजे चालता हो." महिपती ओशाळला. "मग 'ये' कसं म्हनायचं?" "नुसतं 'रा'." महिपतीनं मागांच्या खडखडाटात हाक दिली, "नरसय्या, रा!" नरसय्या आला, पण दोन हात लांबच थांबला. मग महिपतीच दोन पावलं पुढं झाला.