मनगटावरचा ठिपका

फोटो उलटा छापला गेला होता. नमिताला ते चारकोपच्या छापखान्यात, सहा फुटी कागद भिंतीला लावल्यावर दिसलं.

खारफुटीचं मूळ डावीकडून आलं तर बरं दिसेल, म्हणून तिनेच लॅपटॉपवर फोटो आरशासारखा फिरवला होता. बांगड्यांचं भानच राहिलं नाही. कोळीवाड्यातल्या सोनूबाईंचा डावा हात प्रत्यक्षात हिरव्या बांगड्यांनी भरलेला, उजवा मोकळा. फोटोत नेमकं उलटं.

"देवेश, दुसरा काढून दे ना," ती छापखानेवाल्याला म्हणाली.

"उद्या अंधेरीत प्रदर्शन, आणि आज दुसरा? वाट लावशील माझी. बांगड्या कोण बघतंय?"

नमिताला फोटो काढला ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी सोनूबाई खाडीच्या चिखलात गुडघाभर उभ्या होत्या. समुद्रावरच्या बोटींचा नकाशा प्रोजेक्टरमधून त्यांच्या हातांवर पडला होता. प्रत्येक बोटीचा एक ठिपका.

"मावशी, उजव्या हातात बांगड्या का नाहीत?"

"त्या लग्नात दर्याला दिल्या. माज्या धन्याला सांभाल म्हनून."

"ते कुठे असतात?"

"दर्यावरच. यात आमची बोट कंची गो?"

नमिताला काय ठाऊक! म्हातारीचं मन राखायला तिने डाव्या मनगटावरचा एक ठिपका दाखवला. सोनूबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

आणि आता नवरा दर्यावर असलेल्या बाईचा सौभाग्याचा डावा हात विधवेसारखा मोकळा करून भिंतीवर टांगायचा?

नमिता तडक कोळीवाड्यात गेली. सोनूबाई दारात बोंबील साफ करत होत्या.

"मावशी, माझ्या हातून चूक झाली." तिने मोबाइल पुढे केला. "हाच सगळ्यात मोठा फोटो आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर लावणार नाही."

सोनूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"ऱ्हाऊं दे. असाच लाव."

"पण काका परत आल्यावर काय म्हणतील?"

"तो ठिपका खोटा होता ना गो?"

नमिताने मान खाली घातली.

सोनूबाईंनी डाव्या हातातली पहिली बांगडी उतरवली आणि उंबऱ्यावर ठेवली. मग दुसरी.

"तीन वर्सं झाली बोट बुडून. सगली मना असाच ठिपका दाखवतात, बाय. खरं बोलला तो तुझा फोटूच."